सीमाभागातल्या हुशार मुलांची शिष्यवृत्ती: आधी बघा, नाव कुठल्या यादीत लागतं

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका पालकांचा आहे. मुलगी दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली, मग बेळगावात पीयूसी सायन्स, म्हणजे अकरावी-बारावी, केलं आणि सेकंड पीयूला (बारावीला) ९४ टक्के मिळवले. घरची शेती आणि लहानसं दुकान, समाज मराठा, उत्पन्नाचा दाखला २ लाख ४० हजारांचा. इंजिनिअरिंग की बी.एस्सी. हे अजून ठरलेलं नाही. बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडे चौकशी चालू आहे. मार्कांवर कुठली शिष्यवृत्ती मिळेल आणि मराठी माध्यमाचा काही उपयोग होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मराठी माध्यमाचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात बऱ्याच घरांचा वेळ जातो. मराठीत शिकलात म्हणून कर्नाटकात वेगळी शिष्यवृत्ती मिळत नाही. कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, जे ५ टक्के माध्यमाचं आरक्षण आहे ते पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी आहे. पण ग्रामीण आरक्षण १५ टक्के आहे आणि ते माध्यम विचारत नाही. पहिली ते दहावी अशी दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असली की पुरे. तुमच्या मुलीची शाळा गावातली आहे, म्हणजे हा हक्क तिचा आहे. सीईटीच्या अर्जात तो मागितला होता का, हे आजच अर्जाची प्रत काढून बघा. हे थेट पैसे नव्हेत, पण चांगल्या कॉलेजात सरकारी फीची जागा मिळणं हीच चार वर्षांतली सर्वांत मोठी बचत असते. बहुतेक पालक नेमकं हेच विसरून दहा-वीस हजारांच्या योजनांमागे धावतात.

आता मूळ मुद्दा. सीमाभागातल्या मुलाला शिष्यवृत्ती शोधताना तीन ठिकाणं वेगळी मांडावी लागतात: गाव कुठल्या राज्यात, बारावी कुठल्या बोर्डाची, कॉलेज कुठल्या राज्यात. तुमकूर किंवा साताऱ्याच्या मुलाच्या बाबतीत ही तिन्ही बहुधा एकच असतात, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे ती सहज फुटतात. निपाणीला लागून असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात येतं. निपाणीत राहून तिथे अकरावी-बारावी करणारा मुलगा घराने कर्नाटकचा आणि बोर्डाने महाराष्ट्राचा होतो. प्रत्येक योजना या तिन्हींपैकी एकाकडे, फार तर दोहोंकडे बघते. कुठली योजना कशाकडे बघते हे कळलं की निम्मे अर्ज आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांवर नीट मेहनत घेता येते.

बोर्डाकडे बघणारी मुख्य योजना केंद्र सरकारची. कॉलेज आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठीची ही शिष्यवृत्ती पूर्वी सेंट्रल सेक्टर स्कीम म्हणून ओळखली जायची, आता ती पीएम-यूएसपी या नावाखाली नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दिसते. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या जागा, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. जागा राज्यांच्या बोर्डांमध्ये १८ ते २५ वयाच्या लोकसंख्येप्रमाणे वाटल्या जातात, आणि बोर्डाच्या आत सायन्स, कॉमर्स, आर्ट्स यांना ३:२:१ या प्रमाणात. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये आणि चार-पाच वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला चौथ्या-पाचव्या वर्षी २०,००० रुपये मिळतात. इंजिनिअरिंगचा हिशेब केला तर चार वर्षांत ५६,००० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत हवं आणि शिक्षण नियमित हवं. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना किंवा डिप्लोमाला ही मिळत नाही.

पात्रतेत ८० पर्सेंटाइल लिहिलेलं असतं आणि लोक ते ८० टक्के असं वाचतात. त्याचा अर्थ असा की आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत जेवढी मुलं पास झाली त्यांच्यातल्या वरच्या २० टक्क्यांत नाव असलं पाहिजे. सायन्सला ही रेषा आर्ट्सपेक्षा वेगळ्या मार्कांवर पडते, आणि कर्नाटकची रेषा महाराष्ट्राच्या रेषेपेक्षा वेगळी असते. ९४ टक्क्यांना पात्रतेची काळजी नाही. मात्र पात्र असणं म्हणजे निवड होणं नव्हे. जागा मोजक्या, त्यामुळे पात्र मुलांतूनही गुणवत्तेने निवड होते. तरी अर्ज जरूर करा. मुलगी पुढे कोल्हापूरला किंवा पुण्याला शिकायला गेली तरी ती कर्नाटक बोर्डाच्याच यादीत मोजली जाते, कॉलेज देशात कुठेही असलं तरी चालतं. उलट अर्जुननगरहून बारावी झालेला निपाणीचा मुलगा महाराष्ट्र बोर्डाच्या यादीत जातो. त्याने अर्जात बोर्डाच्या रकान्यात कर्नाटक निवडलं की त्याचा बारावीचा नंबर कुठेच जुळत नाही आणि अर्ज तिथेच संपतो. पीयूचा रजिस्टर नंबर आणि पास झाल्याचं वर्ष मार्क्स कार्डावरून बघूनच टाका, आठवणीतून नको.

दुसरी बोर्डाकडे बघणारी योजना इन्स्पायर. रक्कम मोठी, वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. अट कडक आहे: बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात नाव, किंवा जेईई, नीट यांसारख्या परीक्षेत पहिल्या १०,००० मध्ये क्रमांक, आणि शिक्षण मूलभूत विज्ञानाचंच, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बॉटनी, झूलॉजी, स्टॅटिस्टिक्स अशा विषयांत बी.एस्सी. किंवा सलग एम.एस्सी. इंजिनिअरिंग, मेडिकल, ॲग्री, बीसीए यांना नाही. कर्नाटकात सायन्सला मार्क भरपूर पडतात, त्यामुळे ९४ टक्के १ टक्क्यात बसतीलच असं धरून चालू नका. बोर्ड दरवर्षी त्या रेषेचं पत्र काढतं, ते बघून ठरवा. बसत असतील तर मात्र बी.एस्सी.चा विचार गंभीरपणे करा. बेळगावातल्या साध्या कॉलेजात बी.एस्सी. करून पुढे एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं ही चालू राहिली तर चार लाख होतात, आणि फी त्याच्या मानाने किरकोळ. आपल्याकडे ९० टक्क्यांच्या पुढचं मूल बी.एस्सी.ला गेलं की नातेवाईक हळहळतात. पैशाच्या बाजूने तरी त्या हळहळीत अर्थ नाही.

इंटरनेटवरच्या याद्यांत अजून केव्हीपीवाय आणि एनटीएसई या जुन्या शिष्यवृत्त्या दिसतात. केव्हीपीवाय बंद होऊन इन्स्पायरमध्ये मिसळली, एनटीएसई थांबलेली आहे. ज्या यादीत ही दोन नावं चालू म्हणून दिलेली दिसतील, ती यादी जुनी समजून बाजूला ठेवा.

इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर पहिला शब्द लक्षात ठेवा, एस.एन.क्यू. म्हणजे मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा, ज्यांची ट्यूशन फी माफ असते. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि सीईटीचा रँक एवढंच लागतं. जात विचारत नाहीत. तुमचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, म्हणजे पात्रता आहेच. अडचण दोन ठिकाणी येते. सीईटीच्या अर्जात उत्पन्नाच्या दाखल्याचा आर.डी. नंबर (दाखल्यावरचा क्रमांक) दिलेला नसेल तर नंतर हा हक्क मिळवणं कठीण जातं. आणि ऑप्शन एंट्रीत, म्हणजे कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम भरताना, पालक फक्त कॉलेजच्या नावाकडे बघतात, त्या पर्यायासमोरच्या फीकडे बघत नाहीत. नामांकित कॉलेजात पूर्ण फीची जागा आणि जरा खालच्या कॉलेजात एस.एन.क्यू.ची जागा यांतली निवड कागदावर चार वर्षांचा आकडा मांडूनच करा. एस.एन.क्यू.तही विद्यापीठाची फी आणि इतर किरकोळ फी भरावीच लागते. नंतर कॉलेज किंवा शाखा बदलली की ही सवलत गमावण्याची वेळ येते, म्हणून शाखा पहिल्यांदाच नक्की करा.

कर्नाटकच्या सीईटीला मुख्य अट अशी: पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजात, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक तरी इथून पास. तुमच्या मुलीला अडचण नाही. निपाणी, चिकोडी भागातला, दहावीपर्यंत इथे शिकून अकरावी-बारावी महाराष्ट्रात केलेला मुलगाही यात बसतो. फक्त त्याची बारावी कर्नाटकच्या नोंदीत आपोआप दिसत नाही, म्हणून कागद स्वतः द्यावे लागतात आणि त्याने ते आधी जमवून ठेवावेत. आणखी एक गैरसमज वारंवार भेटतो: राज्यघटनेच्या कलम ३७१ जे चं आरक्षण. ते कल्याण कर्नाटकसाठी आहे. बिदरच्या भालकी-औरादच्या मराठी मुलांना ते मिळतं, बेळगाव जिल्ह्याला नाही.

मुलीसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ५०,००० रुपये, एआयसीटीई मान्य कॉलेजात इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. निवड आधीच्या परीक्षेच्या मार्कांवर. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरच. तुमच्या मुलीच्या परिस्थितीत, इंजिनिअरिंग ठरलं तर, सगळ्यांत जास्त मेहनत या एका अर्जावर घ्यावी असं माझं मत आहे. ही आणि वरची पीएम-यूएसपी दोन्ही केंद्राच्या आणि एकाच पोर्टलवरच्या. एका वेळी एकीचाच लाभ मिळतो. दोन्हीकडे पात्र असाल तर आकडा बघा: ५०,००० की १२,०००.

जेईईतून पुढे गेलेल्यांसाठी दोन ओळी. आयआयटी आणि एनआयटीत फीची सवलत संस्थेतच मिळते. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांमध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ. आपल्याला जवळची आयआयटी धारवाडची. तिथे ३बी चा, म्हणजे मराठा समाज ज्यात येतो त्या कर्नाटकच्या मागास प्रवर्गाचा, दाखला उपयोगी पडत नाही. कर्नाटकात ३बी आहोत म्हणजे केंद्राच्या ओबीसी यादीत आहोत असं नसतं. केंद्राची यादी वेगळी, ती तपासा. त्यात नाव नसेल तर उत्पन्न आणि जमिनीच्या अटी पाहून तहसीलदारांकडून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला काढता येतो का ते बघा.

आता गावाकडे, म्हणजे राज्याच्या अधिवासाकडे बघणाऱ्या योजना. कर्नाटकात त्यातल्या बहुतेक स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर, ज्याला सगळे एसएसपी म्हणतात, एकाच अर्जात भरल्या जातात. आर.डी. नंबर, रेशन कार्ड, आईवडिलांचं आधार, कॉलेजचा नोंदणी नंबर घातला की पोर्टल स्वतःच ठरवतं तुम्ही कुठल्या खात्याच्या योजनेत बसता. मराठा समाज ३बी मध्ये असल्याने मागासवर्ग कल्याण खात्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फी सवलत आणि विद्यासिरी यांचा विचार होतो. उत्पन्नाची मर्यादा प्रवर्गागणिक वेगळी असते, ती त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. विद्यासिरी ही सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या, घराबाहेर राहून शिकणाऱ्या मुलांसाठी आहे: दहा महिने दरमहा ठराविक रक्कम. खानापूरहून रोज रेल्वेने ये-जा करणारी मुलगी यात बसत नाही. अर्जात चुकूनही वसतिगृहात राहतो असं लिहू नका. कॉलेज तपासताना ते उघड होतं आणि मग बाकीचेही लाभ अडकतात.

शेतकऱ्याच्या मुलांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेली रयत विद्यानिधी आहे. तिची दररचना अशी होती: बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.ला मुलांना ५,००० आणि मुलींना ५,५००, तर इंजिनिअरिंग-मेडिकलला १०,००० आणि ११,०००. तिचा आधार फ्रूट्स या कर्नाटकच्या शेतकरी नोंदणीतली नोंद, म्हणजे वडिलांचा एफआयडी (शेतकरी ओळख क्रमांक). उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर वडिलांचा एफआयडी निघत नाही आणि मूल शेतकऱ्याचं असून यादीत येत नाही. वारसा नोंद लावून घेणं हे शिष्यवृत्तीसाठीही करण्याचं काम आहे, आणि ते चार दिवसांत होत नाही.

जे दुसऱ्या समाजांतले आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी समाजकल्याण खात्याचं प्रोत्साहन बक्षीस आहे, पहिल्याच प्रयत्नात प्रथम श्रेणी मिळवणाऱ्यांना. सेकंड पीयूला २०,०००, पदवीला २५,०००, पदव्युत्तरला ३०,०००, इंजिनिअरिंग-मेडिकल-ॲग्रीला ३५,००० असे त्याचे दर आहेत. ते मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीपेक्षा वेगळं, त्याचा अर्जही वेगळा, आणि हेच बरेच जण विसरतात. निपाणी-चिकोडीकडच्या जैन मुलांनी अल्पसंख्याक खात्याकडे, ब्राह्मण मुलांनी ब्राह्मण विकास मंडळाच्या सांदीपनी योजनेकडे बघावं. मराठा समाजासाठीच्या विकास महामंडळाची अरिवु योजना आहे, पण ती शिष्यवृत्ती नाही, कर्ज आहे. फी भरताना उपयोगी, पण फेडावी लागते हे समजून घ्या.

कोल्हापूरचा विचार असेल तर नियम बदलतात. कर्नाटकचा जातीचा दाखला महाराष्ट्रात राज्य पातळीवरच्या आरक्षणाला किंवा जातीवरच्या शिष्यवृत्तीला चालत नाही. मात्र ८६५ गावांच्या वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशप्रक्रियेत वेगळा उमेदवार प्रकार ठेवलेला आहे. त्यासाठी दोन प्रमाणपत्रं ठराविक नमुन्यात लागतात: एक सीमाभागात राहत असल्याचं, दुसरं मातृभाषा मराठी असल्याचं. नमुने माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. दुसऱ्या शब्दांत लिहून आणलेला दाखला स्वीकारत नाहीत. आपलं गाव ८६५ मध्ये आहे का हे आधी बघा, नुसतं बेळगाव जिल्ह्यात असून चालत नाही. दहावी निपाणीत आणि बारावी अर्जुननगरला झालेल्यांनी परीक्षा कुठून दिलेली हवी ती अट दोनदा वाचावी.

या मार्गाने प्रवेश मिळाला तर महाडीबीटी या महाराष्ट्राच्या पोर्टलवरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघण्यासारखी आहे. केंद्रीभूत प्रवेशातून आलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला ट्यूशन आणि परीक्षा फीची निम्मी रक्कम मिळते, आणि २०२४-२५ पासून ठराविक प्रवर्गांतल्या मुलींना पूर्ण. तिच्या पात्रतेत महाराष्ट्राच्या अधिवासाबरोबर सीमाभागाच्या अधिवासाचाही उल्लेख आहे. तरी फी भरायच्या आधी त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन सीमाभागातल्या विद्यार्थ्याचा अर्ज ते पुढे पाठवतात का, हे तोंडी नव्हे, लेखी विचारा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही मिळत नाही. आणि एक साधा प्रश्न: मुलीने एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, दिली आहे का? कर्नाटकची सीईटी तिथे चालत नाही, आणि एमएचटी-सीईटीचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होतात. दिली नसेल तर या वर्षी कोल्हापूरचं इंजिनिअरिंग जवळपास बाजूला पडलं, तिथल्या बी.एस्सी.चाच विचार करा. त्यालाही आपल्या बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पात्रता लागते.

खासगी ट्रस्ट आणि कंपन्यांच्या शिष्यवृत्त्या गाव, बोर्ड, कॉलेज कुठल्या राज्यातलं हे फारसं बघत नाहीत, म्हणून सीमाभागातल्या मुलांना त्या सोप्या पडतात. रिलायन्स फाउंडेशनची पदवीची शिष्यवृत्ती कुठल्याही शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे: बारावीला ६० टक्के, उत्पन्न १५ लाखांच्या आत पण अडीच लाखांच्या आतल्यांना प्राधान्य, पूर्ण पदवीसाठी मिळून २ लाखांपर्यंत. तिची ऑनलाइन चाचणी सक्तीची आहे. अर्ज भरून चाचणी न दिलेली मुलं बरीच असतात, त्यांचा अर्ज अपूर्ण धरला जातो. तुमची मुलगी प्राधान्याच्या गटात येते, चाचणीच्या आधी आकडेमोड आणि तर्काचे प्रश्न सोडवायला बसवा. इन्फोसिस फाउंडेशनची स्टेम स्टार्स ही नामांकित संस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी, वर्षाला १ लाखापर्यंत. कोटक कन्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या मुलींसाठी, वर्षाला दीड लाख, उत्पन्न ६ लाखांच्या आत. या दोन्हींत कॉलेजची मान्यता आणि क्रमवारी बघतात. म्हणजे ऑप्शन एंट्रीच्या आधीच ही अट वाचायला हवी, प्रवेश झाल्यावर वाचून उपयोग नाही. एलआयसीची गोल्डन ज्युबिली विभागवार दिली जाते, त्यामुळे स्पर्धा आपल्याच भागातल्या मुलांशी असते, देशाशी नाही. सीताराम जिंदाल फाउंडेशनचा अर्ज कागदी, पोस्टाने बेंगळुरूला पाठवायचा. त्याचा कंटाळा करून अनेक जण सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

अझीम प्रेमजी शिष्यवृत्ती, वर्षाला ३०,००० रुपये, फक्त अशा मुलींना ज्यांची दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजातून झाली. अनुदानित संस्था वेगळी, सरकारी वेगळी. बेळगावातली बहुतेक जुनी मराठी कॉलेजं शिक्षणसंस्थांची आहेत. अर्ज करण्याआधी शाळेच्या दाखल्यावर संस्थेचा प्रकार बघा.

सभासदांच्या मुलांचा गुणगौरव करणाऱ्या पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने जिल्ह्यात भरपूर आहेत. रक्कम लहान, पण शर्यतही लहान. वडिलांचा किंवा आजोबांचा सभासद क्रमांक शोधून ठेवा आणि निकालानंतरचे दोन महिने बेळगावच्या मराठी दैनिकांतल्या जाहीर सूचना वाचा. या सूचना पोर्टलवर येत नाहीत.

खासगी कॉलेजांची स्वतःची मेरिट सूटही विचारात घ्या, पण कॅल्क्युलेटर हातात ठेवून. ५० टक्के सूट कशावर, फक्त ट्यूशनवर की सगळ्या फीवर? पहिल्या वर्षापुरती की दरवर्षी? दरवर्षी असेल तर किती सीजीपीए टिकवावा लागतो, आणि एक विषय राहिला तर काय? हे ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असायला हवं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला बारावीचे ९४ टक्क्यांचे विद्यार्थीही घसरतात, मॅथ्समुळे. ८.५ सीजीपीएच्या अटीवर घर गहाण टाकू नका.

आता कागद. अर्ज नाकारले जाण्याची कारणं बहुतेक वेळा मार्कांत नसतात, कागदांत असतात.

पहिलं, नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, मार्क्स कार्डावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, आणि आधारचं इंग्रजी स्पेलिंग कन्नडवरून उतरलेलं. एसएसपी दहावीच्या नोंदीतलं नाव घेते, नॅशनल पोर्टल आधारचं घेतं, बँक तिसरंच. दहावीचं मार्क्स कार्ड बदलणं सर्वांत कठीण, म्हणून आधार त्याप्रमाणे करून घ्या, मग बँक. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि पोच बघितल्याशिवाय केंद्र सोडू नका.

दुसरं, बँक. खातं आधारशी जोडलेलं आहे हे बँक सांगते तेव्हा बहुधा केवायसीबद्दल सांगत असते. शिष्यवृत्ती खाते क्रमांकावर येत नाही, एनपीसीआय या बँकांच्या व्यवहार-यंत्रणेच्या नोंदीत आधारपुढे जी बँक आहे तिथे येते, आणि तिथे सर्वांत शेवटी जोडलेली बँकच राहते. मुलीचं गॅससाठी किंवा दुसऱ्या कशासाठी उघडलेलं एखादं जुनं खातं तिथे असेल आणि ते निष्क्रिय असेल, तर पैसे परत जातात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. खातं मुलीच्याच नावावर हवं. आईबरोबरचं संयुक्त खातं असेल तर एनपीसीआयला कुणाचं आधार लागलंय ते बघा.

तिसरं, उत्पन्नाचा दाखला. नाडकचेरीतून (कर्नाटकच्या महसूल कार्यालयातून) काढलेल्या दाखल्यावर मुदत छापलेली असते, पण मुदतीत असूनही काही ट्रस्ट चालू वर्षाचाच मागतात. निकालाआधीच नवा काढा, आणि त्यात दोघांचंही उत्पन्न, शेतीचं आणि दुकानाचं, धरलेलं असू द्या. एका अर्जात २ लाख ४० हजार आणि दुसऱ्यात ९० हजार असे दोन दाखले एकाच वर्षी फिरवू नका, आर.डी. नंबरावर सगळं दिसतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजला किंवा मुंबईच्या ट्रस्टला द्यायचा असेल तर कन्नड दाखल्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत जोडा.

नॅशनल पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी, ओटीआर, करावी लागते. त्यात मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून ओळख पटवतात आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. हा क्रमांक सगळ्या वर्षांना एकच, दुसरा काढायला गेलात तर अडकाल. ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातून किंवा सायबर कॅफेतून भरत असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल मुलीचाच द्या. दुकानदाराचा नंबर घातलेले अर्ज पुढच्या वर्षी नूतनीकरणाला उघडतच नाहीत, कारण ओटीपी त्याच्याकडे जातो. अर्ज फुकट असतो. भरून देण्याचे पैसे दुकानाचे, योजनेचे नाहीत. शिष्यवृत्ती मंजूर झाली, अमुक रक्कम भरा, असा फोन आला की तो ठेवून द्या.

अर्ज सबमिट केला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कॉलेजच्या नोडल, म्हणजे शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या, अधिकाऱ्याकडे जातो, तिथून वरच्या पातळीवर. कॉलेजने तारखेच्या आत पडताळणी केली नाही तर चांगल्यातला चांगला अर्ज मरतो, आणि त्याची तक्रार ऐकणारं कुणी नसतं. अर्जाची छापील प्रत, फीची पावती, बोनाफाइड आणि मार्क्स कार्डांच्या प्रती घेऊन मुलीने स्वतः कॉलेजात जावं, नोडल अधिकाऱ्याला भेटावं. आठवड्यातून एकदा स्थिती बघावी. डिफेक्टिव्ह दिसलं तर घाबरू नका, दुरुस्तीची संधी असते, पण तिलाही तारीख असते. रिजेक्ट दिसलं तर त्या वर्षीचा विषय संपला. एसएसपीसाठी काही कागदांचं ई-अटेस्टेशन (ऑनलाइन साक्षांकन) कॉलेजातच करून घ्यावं लागतं. त्याचा क्रमांक नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

पैसे उशिरा येतात. पहिल्या वर्षाची रक्कम दुसऱ्या वर्षात जमा होणं नवं नाही. त्यामुळे प्रवेशाची फी शिष्यवृत्तीच्या भरवशावर ठरवू नका, ती घरातून किंवा शैक्षणिक कर्जातून उभी करा. नूतनीकरण दरवर्षी स्वतः करावं लागतं. पीएम-यूएसपीला त्यासाठी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. मार्क येतात, हजेरीवर अडतं, विशेषतः उसाच्या आणि लग्नांच्या दिवसांत गावी येऊन राहणाऱ्यांचं.

तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात एनपीसीआय स्थिती, आधारवरचं नाव, उत्पन्नाचा नवा दाखला, वडिलांचा एफआयडी. सीईटीच्या अर्जात ग्रामीण, ३बी आणि एस.एन.क्यू. हे तीन हक्क नोंदलेत का ते बघा. इंजिनिअरिंग मिळालं तर नॅशनल पोर्टलवर प्रगती, नाही तर पीएम-यूएसपी. बी.एस्सी. घेतली आणि बोर्डाच्या पत्रातली रेषा ओलांडली असेल तर इन्स्पायर. दोन्ही परिस्थितींत एसएसपी भरा आणि रिलायन्सची चाचणी द्या. एका योजनेचा लाभ दुसरीला अडवतो का, हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचूनच अंतिम अर्ज पाठवा, आणि प्रत्येक अर्जाची पीडीएफ मुलीच्या ईमेलवर ठेवा, कारण पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तोच क्रमांक विचारतात.